शाळेतील ग्रंथपाल आणि शिक्षक : एका विभागलेल्या कामाचा इतिहास

नव्याने रुजू झालेल्या शालेय ग्रंथपालाने शिक्षकांशी सहकार्याचे संबंध कसे जोडावेत, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा व्यवस्थापनाच्या अंगाने केला जातो. ग्रंथपालाने नम्र असावे, मुख्याध्यापकांचा विश्वास संपादन करावा, शिक्षकांना नव्या पुस्तकांची वार्ता वेळच्या वेळी द्यावी, अशा स्वरूपाचा उपदेश ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आढळतो. हा उपदेश चुकीचा नाही. पण तो प्रश्नाच्या मुळाशी जात नाही. शिक्षक आणि ग्रंथपाल ही मुळात दोन माणसे का झाली, आणि झाल्यावर त्यांच्यामध्ये जी रेषा पडली ती कोणी व कोणत्या शब्दांनी आखली, हे पाहिल्यावाचून त्या रेषेपलीकडे हात कसा पुढे करावा हे सांगता येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा इतिहास आहे. लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक असल्याने शब्दांकडे अंमळ अधिक लक्ष गेले असेल. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनी ते सहन करावे.

प्रतिपाद्य थोडक्यात असे. सहकार्य ही शाळेत बाहेरून आणावयाची नवी वस्तू नव्हे. पुस्तक आणि पाठ ही दोन्ही कामे प्रारंभी एकाच माणसाच्या हाती होती. पुढे पुस्तकाचे काम वाढले, त्याचे शास्त्र झाले, त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमणे अपरिहार्य झाले. आणि हे योग्यच झाले. मात्र त्या नव्या माणसाला शाळेत जागा देताना ती शिक्षकांच्या पंक्तीत दिली गेली नाही. आजचा नवा ग्रंथपाल ज्याला सहकार्य म्हणतो ते वस्तुतः या विभागणीत तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचे काम आहे.

प्रथम शब्द. ‘ग्रंथपाल’ हे पदनाम ‘पाल्’ म्हणजे राखणे या धातूवर उभे आहे. द्वारपाल, गोपाल हे त्याचे जुने सगेसोयरे. शासनव्यवहारात लेखापाल, रोखपाल, वनपाल हे त्याचे शेजारी. या पंक्तीतला प्रत्येक जण काही तरी राखतो आणि जे राखतो त्याचा हिशेब देतो. पंक्तीत मनुष्याला पुस्तकाजवळ नेणारा असा कोणीही नाही. शब्दाचा पूर्वार्धही विचार करण्याजोगा आहे. ‘ग्रंथ’ म्हणजे मूळ अर्थाने गुंफलेले, बांधलेले. खेड्यात ‘ग्रंथ’ म्हटले की पारायणाला लावलेली ज्ञानेश्वरी किंवा पोथी डोळ्यांपुढे येते. सहावीतला मुलगा ‘ग्रंथ’ मागत नाही, तो ‘गोष्टीचं पुस्तक’ मागतो. तेव्हा शाळेच्या त्या खोलीच्या दारावर ‘ग्रंथालय’ आणि आतल्या खुर्चीमागे ‘ग्रंथपाल’ अशी पाटी लागली की मुलाच्या दृष्टीने दोन्ही शब्द किंचित परके आणि बरेचसे दरारा उत्पन्न करणारे असतात.

मराठीत याहून वेगळा शब्द नव्हता असे नाही. सार्वजनिक संस्थांनी फार पूर्वी तो निवडला होता. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. या नावांत वाचण्याची क्रिया पुढे आहे, वस्तू मागे. पुढे १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले तेव्हा नावात संग्रह आला. त्या पिढीला मराठीत छापलेले एकूण एक पुस्तक जपून ठेवावयाचे होते आणि तिच्या दृष्टीने तो शब्द योग्य होता. शाळांनी मात्र वाचनालय हा शब्द फारसा घेतला नाही. पारशिवनीसारख्या नागपूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या गावी याच खोलीला हिंदीच्या शेजारामुळे ‘पुस्तकालय’ असेही म्हटलेले कानी येते, आणि मुलांच्या तोंडी तर ती सरसकट ‘लायब्ररी’ असते. नावांच्या या गर्दीत त्या खोलीत बसणाऱ्या व्यक्तीचे शाळेतील नाते काय, हे एकही नाव सांगत नाही.

आता इतिहासाकडे वळू. एकशिक्षकी शाळेत हा प्रश्नच नव्हता. हजेरीपट, फळा, घंटा आणि पुस्तकांची पेटी या सर्वांचा धनी एकच. तो पेटीतून जे पुस्तक काढी ते कोणत्या मुलासाठी काढतो आहोत हे त्याला ठाऊक असे, कारण त्या मुलाला काल कोठे अडले हे त्यानेच पाहिलेले असे. पेटीत पुस्तके थोडी असत आणि पुष्कळदा ती कुलुपातच राहत, हेही खरे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण मूल आणि पुस्तक यांविषयीचे ज्ञान तेव्हा एका डोक्यात नांदत होते, एवढी गोष्ट नोंदवून ठेवावी.

या ज्ञानाचा जाणीवपूर्वक उपयोग करणारी पहिली मोठी योजना बडोदे संस्थानात दिसते. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना आणून ग्रंथालय खाते उभे केले. पुढच्याच वर्षी तेथे ग्रंथालयविद्येचा वर्ग निघाला, आणि १९१३ साली बॉर्डन परत गेले तोवर मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत एक व्यवस्था आखली गेली होती. लोकांनी काही रक्कम जमवावी, तिच्या जोडीला संस्थानाने व स्थानिक मंडळाने भर घालावी, अशी ती योजना. फिरत्या पेट्या गावोगाव जात. बॉर्डन यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, ते योग्यच आहे. परंतु खेड्यांतील काम ज्यांनी वाढविले ते मोतीभाई अमीन हे मुळात शाळामास्तर होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ग्रामग्रंथालयाची किल्ली पुष्कळ ठिकाणी गावच्या मास्तरांकडेच असे, आणि मास्तरांची भाषा ज्याला येते अशा माणसाने ती योजना चालविली. बडोद्यात शिक्षक हा ग्रंथालयाचा ग्राहक नव्हता, तो त्याचा कार्यवाह होता.

दुसरे उदाहरण शियाळी रामामृत रंगनाथन यांचे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख आपण इतक्या सहजतेने करतो की ते गणिताचे अध्यापक होते हे विसरून जातो. १९१७ पासून मंगळूर, कोइमतूर आणि मद्रास येथे त्यांनी गणित शिकविले. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदावर ते आले, आणि आल्यावर काही दिवसांतच एकांताला कंटाळून त्यांनी आपल्याला पुन्हा महाविद्यालयात घ्यावे अशी विनंती केली. वर्गाची सवय झालेल्या माणसाला पुस्तकांमधली शांतता सोसवेना. आधी इंग्लंडला जाऊन या, मग पाहू, असे त्यांना सांगण्यात आले. इंग्लंडमध्ये बेरविक सेयर्स यांच्या हाताखाली शिकून १९२५ साली ते परतले आणि पुन्हा वर्गाकडे गेले नाहीत. मात्र ते शिक्षकांकडे गेले. आपली प्रसिद्ध पाच सूत्रे त्यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली. पण त्यापूर्वी डिसेंबर १९२८ मध्ये चिदंबरमजवळ शिक्षण परिषदेच्या निमित्ताने ती त्यांनी शिक्षणक्षेत्रातील मंडळींपुढे बोलून दाखविली होती. शाळा व महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांवर त्यांनी १९४२ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. भारतीय ग्रंथालय संघाचे अधिवेशन १९४९ साली नागपुरास भरले तेव्हा संघाचे अध्यक्ष रंगनाथनच होते.

त्यांच्या सूत्रांपैकी दोन वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालण्याविषयी आहेत. एकात वाचकाच्या बाजूने पाहिले आहे, दुसऱ्यात पुस्तकाच्या. सार्वजनिक ग्रंथालयात ही गाठ ग्रंथपाल एकटा घालू शकतो, कारण प्रौढ वाचक आपली गरज स्वतः सांगतो. शाळेतले मूल आपली गरज क्वचितच सांगू शकते. अपूर्णांक समजले नाहीत म्हणून ते गणिताचे पुस्तक मागावयास येत नाही. ते फक्त मागच्या बाकावर जाऊन बसते. त्याची गरज शिक्षकाला दिसते, पण कपाटात काय आहे हे शिक्षकाला ठाऊक नसते. कपाट ग्रंथपालाला ठाऊक असते, पण मागचा बाक त्याला दिसत नाही. अर्धे ज्ञान एकाकडे, अर्धे दुसऱ्याकडे. सहकार्य हा शब्द मला येथे थोडा सौम्य वाटतो. दोन्ही अर्धे एकत्र आल्याखेरीज शाळेत ग्रंथालयाचे कामच होत नाही, फक्त पुस्तकांची देवघेव होते.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात गिजुभाई बधेका यांनी गुजरातीत लिहिलेल्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. प्रयोगासाठी वर्ग मागून घेतलेला शिक्षक, मुलांनी पाठ्यपुस्तकांवर खर्चावयाच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे करू पाहतो, आणि शाळेच्या चाकोरीशी त्याचा खटका उडतो. तेथे शिक्षक आणि ग्रंथपाल पुन्हा एकच आहेत. त्याच सुमारास आमच्या भागात वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा केला. मध्यप्रांतात रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना आली. उद्योगाशी सर्व विषयांचा समवाय साधावयाचा, असे या पद्धतीचे सूत्र. पाठ्यपुस्तकावरचा भर कमी केल्याने वर्ध्याची योजना पुस्तकविरोधी होती असा एक समज आहे. तो वरवरचा आहे. सूत कातताना कापसाचा भूगोल, मजुरीचे गणित आणि कापडाच्या व्यापाराचा इतिहास शिकवावयाचा, तर शिक्षकाला एका पाठ्यपुस्तकाऐवजी दहा संदर्भग्रंथ हवेत. ते दहा ग्रंथ खेड्यातल्या शिक्षकाला कोण काढून देणार, याचे उत्तर योजनेत नव्हते. समवाय पद्धतीच्या अपयशाची कारणे पुष्कळ सांगितली जातात. हे कारण सहसा कोणी सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२–५३) माध्यमिक शाळांच्या ग्रंथालयांची स्थिती परखडपणे मांडली. बहुसंख्य शाळांत नाव घेण्याजोगे ग्रंथालय नाही; पुस्तके जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली; खोली अपुरी; आणि ते सांभाळणारा एखादा कारकून किंवा उदासीन शिक्षक, असे ते चित्र. उदासीन शिक्षक हा शब्दप्रयोग लक्षात घ्यावा. जुन्या मास्तरांची पेटी आता वाढून चार कपाटे झाली होती आणि ती सांभाळणे हा तासांच्या ओझ्यावरचा वाढीव बोजा झाला होता. आयोगाने उपाय सुचविला तो दुहेरी होता. पूर्ण वेळ, उच्चशिक्षित आणि प्रशिक्षित ग्रंथपाल असावा, आणि वेतन व दर्जा यांत तो ज्येष्ठ शिक्षकांच्या बरोबरीचा असावा. त्याचबरोबर शिक्षकांनाही ग्रंथालयकार्याची मूलतत्त्वे शिकवावीत. आयोगाला काम विभागावयाचे होते, माणसे नव्हे.

पुढे जे घडले त्यात विभागणी झाली, बरोबरी राहून गेली. विदर्भातील शाळांच्या बाबतीत मध्यंतरी राज्यकारभाराची चौकटच दोनदा बदलली. १९५६ च्या नोव्हेंबरात आठ जिल्हे मध्यप्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्रात. या उलाढालीत शाळांचे नियम, अनुदान आणि परीक्षा यांची घडी बसविण्यातच एक दशक गेले. १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. शाळेचे ग्रंथालय त्याच्या कक्षेबाहेरचा विषय होता. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम १९७७ चा आणि त्याखालील नियमावली १९८१ ची. या व्यवस्थेत शाळेचा ग्रंथपाल ज्या गटात बसला त्याचे नाव ‘शिक्षकेतर कर्मचारी’.

या समासाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. शिक्षक अधिक इतर, म्हणजे शिक्षकांहून जे अन्य ते. हा शब्द कोण काय करतो हे सांगत नाही, कोण काय नाही एवढेच सांगतो. लिपिक, प्रयोगशाळा परिचर, शिपाई आणि ग्रंथपाल या चौघांच्या कामांत परस्परसाम्य शोधू गेल्यास ते मिळत नाही. चौघेही शिक्षक नाहीत, हेच त्यांचे साम्य. प्रशासनाला अशा शब्दांची गरज असते हे मान्य. पण शब्द कार्यालयातून निघून शिक्षकखोलीत येतात, आणि तेथे ते बसण्याची जागा ठरवितात. शाळेच्या छायाचित्रात कोणी कोठे उभे राहावे हेही ते ठरवितात.

या गोष्टीतील विसंगती महाविद्यालयाकडे पाहिले की उघड होते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये ‘शिक्षक’ या संज्ञेची जी व्याख्या आहे तीत महाविद्यालयीन ग्रंथपालाचा समावेश आहे. एकाच राज्यात, ग्रंथालयशास्त्राचीच पदवी घेतलेली व्यक्ती महाविद्यालयात व्याख्येने शिक्षक ठरते आणि माध्यमिक शाळेत व्याख्येने शिक्षकेतर. वस्तुतः वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला पुस्तक स्वतः शोधता येते. बारा वर्षांच्या मुलालाच शिकविणाऱ्या ग्रंथपालाची गरज अधिक. इंग्रजी बोलणाऱ्या काही देशांनी हा पेच नावातच सोडविला. अमेरिकेत ब्रुकलिनच्या इरॅस्मस हॉल शाळेत १९०० साली मेरी किंग्जबरी यांची प्रशिक्षित ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली, आणि १९२० साली शालेय ग्रंथालयांची मानके ठरविताना शिक्षकांची व ग्रंथपालांची अशा दोन्ही राष्ट्रीय संघटनांचा त्यात हात होता. ऑस्ट्रेलियात तर पदाचे नावच ‘टीचर-लायब्रेरियन’ असे जोडशब्दाचे आहे. जोडशब्दाने पगार वाढतोच असे नाही. पण नव्याने आलेल्या व्यक्तीला आपण शिक्षकखोलीत का बसलो आहोत, हे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याकडे पदांची संख्याही पटावर बांधलेली. शिक्षकेतरांचा जो आकृतिबंध चिपळूणकर समितीच्या नावाने १९९४ पासून ओळखला गेला, त्यात मोठ्या पटाच्या शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल, मध्यम पटाच्या शाळेला अर्धवेळ, आणि त्याखाली पदच नाही. ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ हा शब्द महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीच्या सेवापुस्तकात आहे. त्याचा आर्थिक अन्याय सर्वज्ञात आहे. शैक्षणिक परिणामाकडे कमी लक्ष गेले. ज्या वेळी भूगोलाच्या शिक्षकाची तासिका मोकळी, त्या वेळी ग्रंथपाल घरी; आणि ग्रंथपाल खुर्चीत, त्या वेळी शिक्षक वर्गात. भेट होणार ती मधल्या सुट्टीत, चहाच्या दहा मिनिटांत. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय हवे असे म्हटले. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. ग्रंथालय आहे, ग्रंथपाल नाही. पुस्तकांची पेटी पुन्हा मास्तरांकडे आली, आणि या वेळी ती बरीच जड होती.

या पार्श्वभूमीवर नव्याने रुजू होणाऱ्या ग्रंथपालाची पहिली भेट शिक्षकांशी कशी होते ते पाहिले म्हणजे उपदेशग्रंथांतील गोड बोलण्याच्या सूचनेची मर्यादा कळते. त्याला दाखलनोंद वही मिळते, कपाटांच्या किल्ल्या मिळतात आणि मागच्या मोजणीत न सापडलेल्या पुस्तकांची यादी मिळते. यादीतील बरीच पुस्तके शिक्षकांच्या नावावर असतात; काही तर सात-आठ वर्षांपासून. पुस्तक हरवल्यास जबाबदारी ‘पाल’ाची, म्हणून तो वसुलीला निघतो. अशा रीतीने ज्येष्ठ शिक्षकांशी त्याचे पहिले संभाषण तगाद्याचे होते. यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही. पद ज्या धातूवर उभे आहे त्याचेच हे व्याकरण आहे.

प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी पारशिवनी तालुक्यात शाळकरी मुलांच्या बोलीचे नमुने गोळा करीत होता. या तालुक्याचा भाषिक नकाशा गुंतागुंतीचा आहे. दक्षिणेस कन्हान आणि कोळशाच्या खाणी, तेथे कामासाठी दुरून आलेल्या कुटुंबांची हिंदी. उत्तरेस पेंचचे जंगल, त्यात गोंड वस्त्या, आणि पलीकडे मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्हा. मध्ये शेतकरी गावांतली नागपुरी वळणाची मराठी. एका माध्यमिक शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या ग्रंथपाल बाईंची भेट झाली. त्यांच्याकडे मी गेलो तो मुले त्या खोलीत मोकळेपणाने बोलतात असे कोणी सांगितले म्हणून. त्यांनी काय केले होते ते येथे नोंदवितो, कारण वरील इतिहासाची त्यांना कल्पना नसतानाही त्यांच्या हातून त्याचे उत्तर घडत होते.

त्यांनी तगाद्याची यादी बाजूला ठेवली होती. पहिले तीन आठवडे त्यांनी पाचवी ते दहावीची पाठ्यपुस्तके वाचली. नंतर शिक्षकांची वार्षिक नियोजने मुख्याध्यापकांकडून मागून घेतली. ती कोणीही वाचत नाही असा सार्वत्रिक समज असल्याने मुख्याध्यापकांना थोडे आश्चर्य वाटले. कोणता घटक कोणत्या महिन्यात येतो ते पाहून त्या आठवडाभर आधी एक चिठ्ठी लिहीत: अमुक पाठासाठी आपल्या कपाटात ही दोन पुस्तके आहेत, पृष्ठ अमुक ते तमुक, पुस्तके टेबलावर काढून ठेवली आहेत. चिठ्ठीत विनंती नसे, सूचना नसे, सही मागितलेली नसे. नद्या व धरणांच्या पाठाला त्यांनी पेंच प्रकल्पाची जुनी शासकीय पुस्तिका शोधून काढली होती. नवेगाव-खैरीचे धरण याच तालुक्यातले. मुलांनी ते पाहिलेले, पण ते छापील पानावर कधी पाहिलेले नव्हते. भूगोलाच्या शिक्षकांनी पुस्तिका वर्गात नेली आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः खोलीत आले. अन्य कोणत्याही उपायाने ते आले नसते असे बाईंचे मत होते, आणि मलाही ते पटले.

सर्वांच्या बाबतीत असे झाले नाही. काही चिठ्ठ्या शिक्षकखोलीतल्या टेबलावर पडून राहिल्या. ग्रंथालयाची तासिका गैरहजर शिक्षकाच्या जागी मुलांना बसविण्यासाठी वापरण्याची जुनी सवय चालूच राहिली. गणिताचे एक ज्येष्ठ शिक्षक तर स्पष्टवक्ते होते. “मॅडम, गणिताले लायब्ररी कायले लागते?” असे त्यांनी सर्वांदेखत विचारले. बाई “खरं आहे, सर” म्हणून हसल्या आणि गप्प बसल्या.

माझ्या कामाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच होती. बाईंनी एक वही ठेवली होती. तीत त्या मुलांनी पुस्तक कोणत्या शब्दांत मागितले ते, मुलाच्या तोंडचे जसेच्या तसे, लिहून ठेवीत. ‘वाघ मानसाले काहून खाते थे पुस्तक’, ‘कोयला जमीन के नीचे कैसे गया वो वाली किताब’, ‘मागच्या बारी देल्लं व्हतं त्याच्या समोरचं’. या वहीत विषयवर्गीकरणाची एक समांतर पद्धती होती, आणि ती दशांश वर्गीकरणाहून मुलांच्या विचाराला जवळची होती. वन्यजीवशास्त्र हा विषय कोणाही मुलाने मागितला नव्हता. वाघ माणसाला का खातो हा प्रश्न मात्र निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा आला होता, आणि पेंचच्या कडेला तो कुतूहलाचा प्रश्न नव्हे. मराठीच्या बाईंनी ही वही पाहिली तेव्हा त्यांनी ती आठवडाभर मागून नेली. मुलांची बोली आणि पाठ्यपुस्तकाची भाषा यांमधले अंतर त्यांना निबंधाच्या वह्यांत कधी इतके स्वच्छ दिसले नव्हते, कारण निबंधात मुले प्रमाणभाषेचा वेष घालून येतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्याच वहीतून दोन प्रश्न उचलले आणि पाठाची सुरुवात त्यांवरून केली. शिक्षकाला जे दिसत नाही ते या खोलीत ऐकू येते, याचा असा लेखी पुरावा मी प्रथमच पाहत होतो. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधाला विषय हवा असेल तर अशी वही ठेवून पाहावी.

निरोप घेताना मी गणिताच्या सरांविषयी विचारले. बाईंनी दाखलनोंद उघडली. त्या प्रसंगानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीवरचे एक मराठी पुस्तक चिठ्ठीशिवाय सरांच्या जागेवर ठेवले होते. सर काही बोलले नाहीत, पुस्तकही परत आले नाही. मुदत संपून चार महिने झाले होते आणि नियमाप्रमाणे स्मरणपत्र जावयास हवे होते. ते त्यांनी पाठविले नव्हते. त्याऐवजी त्यांनी वहीतले एक पान काढून दाखविले. नववीच्या तीन मुलांनी तीन वेगवेगळ्या दिवशी येऊन एकच गोष्ट मागितली होती: ‘सरानं सांगतलेलं भुंग्याईचं गणित हाय ना, थे पुस्तक’. पुस्तक सरांकडे असल्याने त्यांना ते देता आले नव्हते. दुसरी प्रत घेण्याविषयी त्यांनी मुख्याध्यापकांकडे अर्ज केला होता, आणि अर्जावर शिफारस म्हणून गणिताच्या सरांचीच सही घ्यावी काय, असे त्या मला विचारीत होत्या.